दोन तंबोऱ्यांतील फरक आधी ओळखा, मग किंमत सांगा

गिऱ्हाईक दुकानात येते. समोर दोन तंबोरे ठेवलेले असतात. दोन्ही मिरजेचे, दोन्ही एकाच उंचीचे, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या दीडपट. गिऱ्हाईक विचारते, "यात फरक काय?" दुकानदार म्हणतो, "हा भारी आहे, तो साधा." गिऱ्हाईक पुन्हा विचारते, "भारी म्हणजे काय?" या दुसऱ्या प्रश्नापाशी आपल्यापैकी अनेकांची जीभ अडखळते. मग नक्षी दाखविली जाते, पॉलिशची चमक दाखविली जाते. गिऱ्हाईक थोडा वेळ पाहते आणि स्वस्तातला तंबोरा उचलते. नाहीतर "विचार करून सांगतो" म्हणून निघून जाते आणि मोबाईलमधल्या फुकट तंबोऱ्यावर काम भागवते.

यात नुकसान कोणाचे? दुकानदाराचे थोडे, पण ज्याने महिना महिना राबून तो चांगला तंबोरा घडविला त्या कारागिराचे फार मोठे. ज्या मालाचा फरक विकणाऱ्याला सांगता येत नाही, त्या मालाची किंमत बाजार कधीच देत नाही. म्हणून आजच्या पाठात दोन तंबोऱ्यांची तुलना कशी करावी ते पाहू. ज्यांच्या दुकानात गिटार, वीणा किंवा सतार विकली जाते त्यांनाही हीच रीत उपयोगी पडेल.

संगीताविषयी आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत, याची आम्हाला जाणीव आहे. त्या चर्चेत आम्ही येथे शिरत नाही. आमचा विषय आहे कारागिरी, मालाची पारख आणि व्यवहारातील सचोटी.

तलवारीपासून तंबोऱ्यापर्यंत

आपला अहिल्यानगर जिल्हा (पूर्वीचा अहमदनगर) तंबोरे बनविण्यासाठी प्रसिद्ध नाही. पण येथे या वाद्यांचा वापर मोठा आहे. ज्ञानेश्वरी ज्या नेवाशात १२९० साली सांगितली गेली ते नेवासे आपल्याच जिल्ह्यात आहे. गावोगावी भजनी मंडळे आहेत, कीर्तनकार आहेत, शहरात संगीताचे वर्ग आहेत. म्हणजे आपण घडविणारे नसलो तरी विकणारे आणि दुरुस्त करणारे होऊ शकतो.

इतिहासातही नगरचा या वाद्याशी एक धागा जुळतो. हुसेन निजामशहाची कन्या चाँदबीबी विजापूरला दिली होती. १५८० मध्ये तिचे पती अली आदिलशहा मारले गेले आणि गादीवर आलेल्या लहानग्या इब्राहिम आदिलशहाच्या वतीने तिने कारभार पाहिला. हाच इब्राहिम पुढे दक्षिणेतला सर्वांत मोठा संगीतप्रेमी सुलतान ठरला. आपल्या आवडत्या तंबोऱ्याला त्याने 'मोतीखान' असे नाव दिले होते. चाँदबीबी पुढे माहेरी परतली आणि १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध नगरचा किल्ला तिने लढविला, हे तर आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे.

मिरजेची गोष्ट मात्र कारागिरांनी नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. तेथील सतारमेकर घराणी मूळची शिकलगार. हत्यारे घडविणे आणि तलवारींना धार लावणे हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजी अंमल स्थिरावला आणि तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही. त्या काळात, म्हणजे साधारण १८५० च्या सुमारास, फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोइनुद्दीन यांनी वाद्यदुरुस्तीत हात घातला. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक संगीताचे चाहते होते, त्यांचा आश्रय मिळाला. दुरुस्ती करता करता नवी वाद्ये घडू लागली. पुढे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. सुराच्या बाबतीत ते अत्यंत काटेकोर होते. असा गायक शेजारी असला की कारागिराला कानाची तालीम घरबसल्या मिळते. १९३७ मध्ये खाँसाहेबांचे निधन झाले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे.

धंदा बुडाला म्हणून ही माणसे नशिबाला दोष देत बसली नाहीत. हातातले कसब तेच ठेवले, माल बदलला. लोखंडावरची कानस हाडावर आणि लाकडावर चालू लागली. आजही मिरजेचा तंबोरा देशभर जातो. त्यासाठी तुनीचे लाकूड कर्नाटकातून येते आणि मोठे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून येतात.

परीक्षा सारख्या अटींवर

आता मूळ मुद्दा. दोन तंबोरे शेजारी ठेवून वाजविले म्हणजे तुलना झाली, असे नाही. एक कालच जुळवलेला, दुसरा महिनाभर धूळ खात पडलेला. एकाच्या तारा नव्या, दुसऱ्याच्या गंजलेल्या. अशी तुलना म्हणजे एका पारड्यात ओले धान्य आणि दुसऱ्यात सुके धान्य ठेवून तोलण्यासारखे आहे. तेव्हा पुढील अटी पाळाव्यात.

१. मोठा तंबोरा मोठ्याशी आणि लहान लहानाशीच ताडून पाहावा. पुरुषांच्या गळ्यासाठीचा तंबोरा साधारण काळी एकच्या आसपास लावतात, स्त्रियांसाठीचा काळी चार-पाचच्या आसपास. लहान तंबोरा खाली उतरवून लावला तर तारा ढिल्या पडतात, आवाज बसका येतो. तो वाद्याचा दोष नव्हे, लावणाऱ्याचा दोष आहे.

२. दोन्हींवर एकाच जाडीच्या, एकाच दिवशी चढविलेल्या तारा असाव्यात. खर्जाची तार पितळेची असते. ती जुनी झाली की आवाज मेल्यासारखा होतो.

३. दोन्ही एकाच सुरात लावावेत. पहिली तार पंचम, मधल्या दोन षड्ज आणि शेवटची खर्जातला षड्ज. बारीक फरक मण्यांनी काढावा.

४. जागा एकच, हात एकच. फरशीवर ठेवलेले वाद्य आणि गादीवर ठेवलेले वाद्य यांचा आवाज एक येत नाही.

५. दोन्हींची जवारी लावलेली असावी. ही अट सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच विसरली जाते.

जवारी : अर्धा फरक येथेच असतो

तंबोऱ्याची घोडी गिटारच्या घोडीसारखी धारदार कडेची नसते. ती रुंद असून तिच्या पाठीला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार कंप पावते तेव्हा त्या उतारावर घासत, स्पर्श करीत जाते आणि एका सुरातून अनेक स्वर फुलू लागतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून ही जागा नेमकी साधतात. या घोडीचे नवल सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनाही वाटले होते. १९२१ मध्ये त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर शोधनिबंध लिहिला. तारेच्या कंपनाविषयी युरोपात मानला गेलेला नियम तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीवर लागू पडत नाही, हे त्यांनी त्यात दाखविले.

हा उतार कारागीर कानशीने काढतो. उतारात केसाएवढा फरक पडला तरी तार झणझणते किंवा आवाज बंद होतो. वापराने घोडीवर तारांच्या खाचा पडतात, म्हणून जवारी अधूनमधून पुन्हा काढावी लागते.

याचा व्यापारी अर्थ असा. दोन तंबोऱ्यांपैकी एक गिऱ्हाइकाला "मेलेला" वाटतो तेव्हा पुष्कळदा वाद्य चांगले असते, फक्त जवारी उतरलेली असते. हे न ओळखणारा दुकानदार उत्तम माल पडत्या भावात विकून टाकतो. उलट, बेताच्या वाद्यावर ताजी जवारी काढलेली असेल तर ते पहिल्या दिवशी झळकते आणि गिऱ्हाईक फसते. म्हणून आधी दोन्हींची जवारी सारखी, मग तुलना.

कानाने काय ऐकावे

आता एका तंबोऱ्याच्या चारही तारा सावकाश छेडा आणि डोळे मिटून ऐका. मग दुसऱ्याच्या छेडा. प्रत्येक वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्या. सगळे एकदम ऐकू गेलात तर काहीच हाती लागत नाही.

पहिल्यांदा आवाज किती वेळ टिकतो ते पाहा. एक तार छेडून सोडा आणि ती विरेपर्यंत मनात आकडे मोजा. दुसऱ्यांदा चारही तारांचे वजन सारखे आहे का ते पाहा. पुष्कळ तंबोऱ्यांत खर्ज भरदार असतो पण पंचम दुबळा. अशा वाद्यावर गाणाऱ्याला आधार मिळत नाही. तिसऱ्यांदा तारा एकमेकींत मिसळतात का ते पाहा. चांगल्या तंबोऱ्यात चार तारांचे चार आवाज वेगळे राहत नाहीत, त्यांचा एक अखंड प्रवाह होतो. सुरेल तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो, असे गवई सांगतात. तो सहज ऐकू येतो की कान ताणावे लागतात, हे पाहावे. शेवटी दहा-बारा पावले दूर जाऊन ऐका. जवळून मोठा वाटणारा आवाज दूरवर पोहोचतोच असे नाही.

एक पथ्य मात्र पाळा. ऐकणाऱ्याने पाठ फिरवून बसावे आणि कोणता तंबोरा वाजतो आहे हे त्याला सांगू नये. नक्षी दिसली की कान डोळ्यांचे ऐकतो. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. सहा गिटारी मुद्दाम सर्व बाबतीत सारख्या बनवून घेण्यात आल्या. फरक एवढाच, की प्रत्येकीच्या पाठीचे आणि बाजूंचे लाकूड वेगळे होते. कोणते अतिशय महाग, कोणते स्वस्त. मंद उजेडात, डोळ्यांवर गडद चष्मा लावून ५२ वादकांनी त्या वाजविल्या. महाग लाकडाची गिटार सरस ठरली नाही. वादकांनी सर्वांना जवळजवळ सारखेच गुण दिले.

मग आवाज कशात असतो? स्पेनचा नामांकित गिटार कारागीर अंतोनियो दे तोरेस याने १८६२ मध्ये एक गिटार बनविली. तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या पुठ्ठ्याच्या होत्या, फक्त वरची फळी उत्तम लाकडाची. आवाजाचे खरे काम वरची फळी करते, हेच त्याला दाखवायचे होते. तंबोऱ्यात हे काम तबली करते. तिच्यावर घोडी बसते, तारांचा कंप तीच भोपळ्याच्या पोकळीत पोहोचवते. तेव्हा गिऱ्हाइकाला सांगायचेच असेल तर तबलीविषयी सांगा, कडेच्या वेलबुट्टीविषयी नव्हे.

हाताला काय कळते

तबली बोटाच्या पेराने हलकेच ठोकून पाहा. दोन्ही बाजूंना सारखा, मोकळा आवाज यावा. कोठे फुटका किंवा बद्द आवाज आला तर तेथे सांधा सुटला आहे किंवा चीर आहे. लाकडाचे रेषे सरळ, वरपासून खालपर्यंत जाणारे असावेत.

पातळ तबलीचा तंबोरा लगेच बोलतो, आवाज मोठा आणि मोकळा येतो. पण तारांच्या ताणाने घोडीखाली ती बसण्याचा धोका अधिक. जाड तबलीचा तंबोरा सावकाश बोलतो, आवाज थोडा आतल्या आत वाटतो, पण वर्षानुवर्षे टिकतो. घरी बसून रियाज करणाऱ्याला पहिला आवडेल. सप्ताहाच्या मांडवात, टेम्पोतून गावोगावी फिरणाऱ्या मंडळाला दुसरा बरा. दोन्ही चांगलेच. फरक आहे तो कामाचा, दर्जाचा नव्हे. हे एक वाक्य दुकानदाराला नीट सांगता आले तर निम्मी घासाघीस तेथेच संपते.

भोपळा वजनाला हलका पण टणक हवा. अंगठ्याने दाबून लवत असेल तर नको. आतून भुसा पडत असेल तर कीड लागली आहे. दांडी डोळ्यासमोर धरून बाक पाहावा. मांडीवर किंवा जमिनीवर उभा धरल्यावर तोल जातो का, दांडीवर हात सहज फिरतो का, हे गिऱ्हाइकाला स्वतः धरून पाहू द्यावे. खुंट्या फिरविताना अडखळू नयेत आणि सोडल्यावर घसरू नयेत. आपल्या जिल्ह्याचा उन्हाळा कोरडा आहे. बाहेरगावाहून आलेल्या वाद्याचे लाकूड येथे आकसते आणि खुंट्या सैल होतात. घसरणाऱ्या खुंटीला खडू लावला की ती धरते. वाद्य आल्यावर चार-आठ दिवस दुकानाच्या हवेत मुरू द्यावे, मग जुळवून विकावे. गाडीतून उतरवून तसेच विकलेले वाद्य हमखास तक्रार घेऊन परत येते.

ऐब झाकू नका

हदीसमध्ये आले आहे की, प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला. आत ओल लागली. विचारल्यावर विक्रेत्याने पावसाने भिजल्याचे सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी त्यांनी विचारणा केली आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. दुसऱ्या एका हदीसचा आशय असा, की विकणारा व घेणारा खरे बोलले आणि मालातील दोष उघड केले तर त्यांच्या सौद्यात बरकत असते, आणि लपविले तर ती निघून जाते.

तंबोऱ्याच्या तबलीवर पॉलिशखाली बुजविलेली चीर म्हणजे ढिगातले ओले धान्यच. तेव्हा प्रत्येक वाद्याबरोबर एक चिठ्ठी ठेवावी. कोठे बनले, तबली जाड की पातळ, जवारी कधी काढली, कोठे दुरुस्ती झाली आहे, कोणत्या सुरात खुलते, एवढे पाचच मुद्दे. दोन वाद्यांच्या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की किमतीतील फरक आपोआप बोलू लागतो. जे ऐकले नाही ते चिठ्ठीत लिहू नये. "शंभर वर्षांचे जुने लाकूड" असे पुराव्याशिवाय सांगणे हाही खोटेपणाच आहे.

कायद्याच्याही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. १९९९ च्या कायद्यानुसार दुसरीकडे बनलेल्या वाद्यावर मिरजेचे नाव घालून विकणे गुन्हा आहे. त्यासाठी कैद व दंड दोन्हींची तरतूद आहे. हे मानांकन कारागिरांच्या अनेक पिढ्यांच्या घामाचे मोल आहे. आपल्या दुकानात त्याची चोरी होता कामा नये. दुसरी गोष्ट, जुन्या वाद्यांवर कधी हस्तिदंत किंवा सांबरशिंग असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांच्या व्यापाराला बंदी आहे. अशी जुनी वाद्ये खरेदी करण्यापूर्वी चौकशी करावी.

नवा मार्ग

यंत्राचा तंबोरा नवा नाही. बंगळुरूच्या जी. राजनारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला, आता तर तो मोबाईलमध्ये आला आहे. त्याच्याशी किमतीत स्पर्धा करणे व्यर्थ आहे. पण मोबाईलमध्ये जवारी काढावी लागत नाही, खुंटी बसवावी लागत नाही. खऱ्या तंबोऱ्याला हे सर्व लागते आणि त्यातच आपल्या तरुणांना रोजी आहे. जिल्ह्यातील एखाद्या मंडळाचा तंबोरा बिघडला की तो मिरजेला किंवा पुण्याला न्यावा लागतो. जाण्यायेण्याचा खर्च दुरुस्तीपेक्षा जास्त, म्हणून कित्येक वाद्ये मंदिराच्या माळ्यावर पडून आहेत. सुतारकामाचा हात असलेल्या एखाद्या होतकरू मुलाने मिरजेच्या कारखान्यात राहून जवारी शिकून घेतली, तर नगरमध्ये त्याला काम कमी पडणार नाही. शिकलगारांनीही सुरुवात दुरुस्तीपासूनच केली होती.

तोपर्यंत दुकानदार बंधूंनी एवढे करावे. उद्या सकाळी दुकान उघडल्यावर, गिऱ्हाईक येण्यापूर्वी, दोन वाद्ये खाली काढा. सारख्या तारा चढवा, एका सुरात लावा, पाठ फिरवून दुसऱ्याकडून वाजवून घ्या आणि जे ऐकू आले ते कागदावर लिहा. आठ दिवस हा अभ्यास केला तर "भारी म्हणजे काय?" या प्रश्नाचे उत्तर तुमच्याजवळ असेल, आणि ते खरे असेल, इन्शाअल्लाह.